सापाचे पोट आणि आमची चूक



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला ‘आपल्या परिसरातील प्राणी’ या विषयावर लिहायला सांगितले. मी म्हटलं, "गुरुजी, मी गाईवर लिहितो." गुरुजी म्हणाले, "गाईवर तू तिसरीपासून लिहितोयस. ज्याची तुझ्या मनाला टोचणी लागली आहे, त्यावर लिही." म्हणून मी सापाविषयी लिहीत आहे. साप काय खातो, ते कसे पचवतो आणि त्याची शी कशी असते, असा हा विषय आहे. हसू नका. हे मला आधी माहीत असते, तर एक जीव वाचला असता.

आमच्या बरणीतली नानेटी

आषाढात लावणी चालू होती. बांधावर मला आणि माझ्या मित्राला एक नानेटी दिसली. नानेटी तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. वीतभर-हातभर लांबीचा तपकिरी साप, पाठीवरून शेपटीकडे गेलेले दोन पिवळसर पट्टे. पावसाळ्यात आपल्याकडे ती बांधाबांधावर असते. ती बिनविषारी आहे. मित्राने तिला धरले, तेव्हा तिने त्याच्या हातावर घाणेरड्या वासाचे पाणी सोडले. हात दोनदा साबणाने धुतला तरी वास जाईना. आम्ही तिला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि बरणी गोठ्यामागे लपवली. नानेटी पाळायची, असे आमचे ठरले.

दुसऱ्या दिवशी बरणीत काळपट ओला गोळा आणि त्याला चिकटलेला खडूसारखा पांढरा तुकडा दिसला. मित्र म्हणाला, "अंडं घातलंन!" आम्ही खूश झालो. तिसऱ्या दिवशी मी घरातून दूध चोरून आणले आणि झाकणात ओतून आत ठेवले. बरोबर दोन शिते भात. भाताला ती शिवली नाही. पाचव्या दिवशी दूध थोडे कमी झालेले दिसले. आम्हाला वाटले, आता ही माणसाळली. सहाव्या दिवशी बरणीत पातळ, कुबट घाण झाली होती आणि उरलेले दूध नासले होते. आठव्या दिवशी शाळेतून येऊन पाहतो, तर नानेटी उताणी पडली होती.

आम्ही तिला करंजाच्या झाडाखाली पुरले. आजीने माझा चेहरा पाहूनच ओळखले. ती म्हणाली, "काय केलास रे पोरा? देवाचा जनावर तो." रात्री आजी सापाला साप म्हणत नाही, जनावरच म्हणते. पंधरा दिवसांनी नागपंचमी आली. आजीने पाटावर नाग काढला, दूध-लाह्या वाहिल्या, पातोळ्या केल्या. माझ्या घशाखाली पातोळी उतरली नाही. दूध तर मीही तिला दिले होते! मग ती मेली कशी?

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. मला वाटले, छडी बसणार. गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारून ती परत येणार नाही. तिच्या पोटाविषयी तू शोधून काढ आणि सगळ्यांना सांग." त्यांनी मला पुस्तके दिली. पोलादपूरहून एक सर्पमित्र दादा शाळेत माहिती द्यायला आले होते, त्यांना मी वहीभर प्रश्न विचारले. त्यातून जे समजले ते खाली देत आहे.

साप काय खातो?

साप पूर्ण मांसाहारी आहे. धान्य, फळ, पाला, भाकरी यांतले काहीही कोणताही साप खात नाही. पण सगळे साप एकच खात नाहीत. नानेटी मुख्यतः बेडूक खाते. ओढ्यातली दिवड मासे आणि बेडूक खाते. धामण उंदीर, घुशी, बेडूक खाते. कवड्या भिंतीवरच्या पाली पकडतो. मण्यार आणि नाग तर दुसऱ्या सापांनाही खातात. विदर्भात एक अंडीखाऊ साप सापडतो. तो पक्ष्याचे अंडे गिळतो, गळ्यातल्या मणक्यांच्या टोकांनी आतल्या आत फोडतो, बलक पोटात घेतो आणि टरफल बाहेर थुंकतो.

आता आमच्या भाताकडे या. आपण भात चावतो, तेव्हा आपली लाळ त्यातल्या पिठाचे पचन तोंडातच सुरू करते. सापाला पिठाची गरजच नाही. म्हणून आमची दोन शिते तिच्या दृष्टीने दोन खडे होते.

न चावता गिळणे

आपल्याला ३२ दात असतात. पुढच्या दातांनी आपण तोडतो, दाढांनी दळतो. सापाला दात पुष्कळ, पण दाढ एकही नाही. त्याचे सगळे दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात. ते चावण्यासाठी नाहीत, धरलेले सुटू नये म्हणून आहेत. आपल्या माशाच्या गळाला जसा काटा असतो, तसेच.

मग एवढ्याशा तोंडातून एवढा मोठा उंदीर जातो कसा? लोक म्हणतात, साप जबडा निखळवतो. ते खरे नाही. आपल्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी जुळून एक झालेले असतात. सापाचे ते जुळलेले नसतात. मध्ये रबरासारखी ताणणारी पट्टी असते. शिवाय जबडा आणि कवटी यांच्यामध्ये एक जादा हाड असते, त्यामुळे तोंड खूप मोठे उघडते. साप जबड्याची उजवी बाजू पुढे सरकवतो, मग डावी, मग पुन्हा उजवी. आपण विहिरीतला पोहरा कसा ओढतो? एक हात, मग दुसरा हात. तसा साप भक्ष्यावरून पुढे पुढे चालत जातो.

बहुतेक वेळा तो भक्ष्य डोक्याकडून गिळतो. त्यामुळे पाय आणि केस मागे दबतात आणि अडकत नाहीत. गिळायला बराच वेळ लागला तर श्वास कसा घेतो? त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेजवळ असते. गिळताना तो ते नळीसारखे पुढे, बाहेर काढतो. तोंड भरलेले असले तरी श्वास चालू राहतो.

विषारी सापाचे विषही तोंडातच तयार होते. लाळेच्या ग्रंथी बदलत बदलत विषाच्या ग्रंथी झाल्या, असे शास्त्रज्ञ सांगतात. विषाचे पहिले काम भक्ष्याला जागच्या जागी गार करणे. माणसाला चावणे हे त्याचे काम नव्हे. माणूस त्याला गिळताच येत नाही. तो चावतो ते भीतीने.

पोटाच्या आत

साप लांबुळका, म्हणून त्याचे अवयवही लांबुळके. यकृत लांब, जठर लांब. दोन मूत्रपिंडे आपल्यासारखी समोरासमोर नाहीत, एक पुढे आणि एक मागे. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस अगदी लहान असते किंवा नसतेच. आपले आतडे वेटोळी घालून बसलेले असते. सापाचे त्या मानाने सरळ आणि आखूड, कारण मांस पचवायला गवतासारखे लांब आतडे लागत नाही.

जठरात तीव्र आम्ल आणि मांस विरघळवणारा पाचकरस सुटतो. आधी भक्ष्याची कातडी, मग मांस, मग हाडेसुद्धा विरघळतात. बेडकाचे तर काहीच शिल्लक राहत नाही. पण केस, नखे आणि पिसे पचत नाहीत. ती तशीच शीबरोबर बाहेर पडतात. शास्त्रज्ञ सापाच्या शीतले केस भिंगाखाली पाहून त्याने काय खाल्ले ते ओळखतात.

याला वेळ किती लागतो? हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, भक्ष्य केवढे आहे. दुसरी, हवा किती उबदार आहे. आपले शरीर आतून गरम राहते, थंडी असो की ऊन. साप थंड रक्ताचा म्हणतात, म्हणजे त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. २८ ते ३० अंश सेल्सिअस उबेत मध्यम साप एक उंदीर साधारण चार-पाच दिवसांत ते आठवड्यात पचवतो. मोठ्या अजगराला मोठे भक्ष्य पचवायला आठवडेही लागतात. थंडीत पचन मंदावते. फारच गारठा झाला तर थांबते. मग गिळलेले पोटातच सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून खाल्लेला साप उन्हात किंवा उबदार भोकात स्वस्थ पडून राहतो. तो आळशी नाही. चुलीला जसे लाकूड, तसे त्याच्या पोटाला ऊन लागते.

अजगराविषयी एक आश्चर्य वाचले. तो महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. त्या काळात त्याचे आतडे आकसून जाते. मोठे भक्ष्य गिळले की दोन दिवसांत आतडे, यकृत फुगून कामाला लागतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ब्रह्मी अजगराचे हृदयसुद्धा खाल्ल्यावर ४८ तासांत ४० टक्के मोठे होते! पचन झाले की पुन्हा पूर्वीसारखे. म्हणजे गिऱ्हाईक नसताना दुकान बंद, आणि गिऱ्हाईक आले की सगळे दिवे लावायचे.

शी आणि खडू

आता आमचे ‘अंडे’. ते अंडे नव्हतेच. ती नानेटीची शी आणि लघवी होती!

आपल्याला दोन वाटा वेगळ्या असतात. सापाला मळ, मूत्र आणि अंडी या सर्वांसाठी एकच वाट असते. तिला अवस्कर म्हणतात. शेपटीच्या मुळाशी पोटाखाली एक आडवी फट असते, ती तीच. सापाची शेपटी कुठून सुरू होते, असे कोणी विचारले तर सांगा, त्या फटीपासून पुढे. साप म्हणजे नुसती शेपटी नव्हे.

सापाला मूत्राशय नसते. आपण लघवीतून नको असलेले पदार्थ भरपूर पाण्यात विरघळवून टाकतो. सापाला एवढे पाणी परवडत नाही. तो पाणी शोषून परत घेतो आणि उरलेला पदार्थ पांढऱ्या, खडूसारख्या घट्ट रूपात टाकतो. त्या पदार्थाला युरिक आम्ल म्हणतात. म्हणून सापाच्या शीत काळपट भाग मळाचा आणि पांढरा भाग लघवीचा.

खात्री करायची तर लांब जायला नको. घरी भिंतीवर पालीची शी पाहा. काळी लेंडी आणि टोकाला पांढरा ठिपका. कोंबडीची शी पाहा. तिच्यातही पांढरे असते. पाल, साप आणि कोंबडी या बाबतीत एका शाळेतली मुले आहेत. बघायचे ते लांबून, हात न लावता. सापाच्या शीत रोगाचे जंतू असू शकतात, चुकून हात लागला तर साबणाने धुवा.

साप रोज शी करीत नाही. रोज खातच नाही, तर करणार काय? खाल्ल्यानंतर काही दिवसांनी, पचन पुरे झाले की तो एकदा मोठी शी करतो. कात टाकण्याच्या सुमारासही पुष्कळदा करतो. झाडावर चढणारे सडपातळ साप लवकर मोकळे होतात, कारण वजन घेऊन फांदीवर चढणे कठीण. उलट घोणशीच्या कुळातले जाड साप मळ महिनोन् महिने पोटात ठेवतात. आफ्रिकेतल्या गॅबून नावाच्या जाड विषारी सापाने तर एका वर्षाहून जास्त काळ शी केली नाही, अशी नोंद २००२ साली छापून आली. शास्त्रज्ञांचा तर्क असा, की मागचे वजन जड राहिले म्हणजे झडप घालताना मागचा भाग जमिनीला घट्ट टेकून राहतो. बैलगाडीचे मागचे वजन नीट नसले तर पुढची दांडी वर उचलते, तसे होऊ नये म्हणून.

आणि मित्राच्या हातावर आलेले वासाचे पाणी? तो बचाव होता. घाबरलेला साप शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून घाण वास सोडतो, कधी शीही करतो. शत्रूने किळस येऊन सोडावे म्हणून. आम्ही सोडले असते, तर बरे झाले असते.

दुधाची गोष्ट

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न आहे. गाय वासराला पाजते, कुत्री पिल्लांना पाजते. सापीण पिल्लांना पाजत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचे स्वतः शिकार करते. म्हणून दूध हे सापाचे अन्न कधीच नव्हते.

मग गारुड्याचा नाग दूध प्यायचा, ते कसे? बाबा लहान असताना आमच्या वाडीत नागपंचमीला गारुडी येत. ते नागाला आधी बरेच दिवस टोपलीत उपाशी आणि मुख्य म्हणजे तहानलेले ठेवत. पुष्कळदा दात काढलेले असत, तोंडही शिवलेले असे. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते ओले पितो. पण ते त्याला पचत नाही. जबरदस्तीने पाजले तर फुप्फुसात जाते. असे साप पुढे काही दिवसांत मरत. आमच्या बरणीतही तेच झाले. आम्ही पाण्याची वाटी ठेवलीच नव्हती! ती दुधाला आवडीने नव्हे, तहानेने शिवली.

सर्पमित्र दादांनी मला समजावले, "एकट्या दुधाने ती मेली असे म्हणू नकोस. स्वच्छ पाणी नाही, लपायला जागा नाही, बंद बरणी, नासलेली घाण आणि आठ दिवसांची भीती, सगळे मिळून ती मेली." हे ऐकून मला हलके वाटले नाही. उलट जास्त वाईट वाटले.

आणखी एक समज आपल्याकडे आहे. धामण रात्री गोठ्यात येते, गाईच्या पायांना विळखा घालते आणि सडातून दूध पिते. आमच्या आजीचाही तसा विश्वास होता. पण ओढून प्यायला ओठ आणि गाल मऊ लागतात. सापाला ते नाहीत. आत वळलेले सुईसारखे दात सडाला लागले, तर गाय उभी राहील काय? धामण गोठ्यात येते ती पेंढ्यातल्या उंदरांसाठी. गाईने दूध कमी दिले तर आटवण का, चारा कमी का, हे बघावे. धामणीवर आळ घेऊ नये.

साप ‘पाळतात’ कुठे?

परदेशात काही लोक घरी साप पाळतात. काचेच्या पेटीत एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, पाण्याचे मोठे भांडे, लपायला जागा असे सगळे ठेवतात. आठवड्याने-पंधरवड्याने मेलेला उंदीर देतात आणि नंतर दोन दिवस सापाला हात लावत नाहीत. शीची तारीखसुद्धा वहीत लिहितात. साप बरेच दिवस कोंदलेला राहिला तर त्याला कोमट उथळ पाण्यात ठेवतात.

आपल्या देशात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले साप पकडणे, पाळणे आणि मारणे गुन्हा आहे. आम्ही केले तो गुन्हाच होता. ज्यांना सरकारी परवानगी आहे, अशा जागीच साप ठेवतात. मुंबईला परळमध्ये हाफकिन संस्था आहे. १८९९ साली ती प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा म्हणून परळला आली. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. पुढे त्याच संस्थेत सापाच्या विषावर काम झाले. घोड्याला अगदी थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते आणि त्यापासून सर्पदंशाची लस बनते. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची १९७८ साली सुरू झालेली सहकारी संस्था आहे. ते लोक साप पकडून काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात आणि साप रानात सोडतात. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान १९८६ साली सुरू झाले. ते उभारणारे श्री. नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिले होते. साप उगीच चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. पण मित्रांनो, हे जाणकारांचे काम. आपण असले काही करायचे नाही.

पोषण आहाराच्या खोलीतली धामण

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आपल्या शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत तांदळाची गोणी उंदरांनी फोडली होती. स्वयंपाकाच्या मावशी रोज ओरडत होत्या. त्याच खोलीच्या कोपऱ्यात एकदा काळी शी दिसली. तिच्यात राखाडी केस होते आणि बाजूला पांढरा खडू. मावशींना वाटले, मांजराची. मी ओळखले, पण कोणी ऐकले नाही.

तीन-चार दिवसांनी गोण्यांमागे धामण निघाली. चांगली सहा फूट. पोटाचा मध्य फुगलेला. आरडाओरडा झाला, वाडीतली माणसे काठ्या घेऊन धावली. मी दारात उभा राहिलो. माझे पाय थरथरत होते, पण मी ओरडलो, "मारू नका! तिच्या पोटात आपला उंदीर आहे!" एक काका म्हणाले, "बाजूला हो रे, शहाणा झालायस." तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी सगळ्यांना मागे केले, दार लोटून घेतले आणि सर्पमित्र दादांना फोन केला.

तासाभराने दादा आले. त्यांनी धामण हळूच धरली, तरी तिने आधी एक आणि मग दुसरा उंदीर ओकला. दादा म्हणाले, "भरल्या पोटी जोरात पळता येत नाही आणि घाबरली, म्हणून ओझे टाकून देते. म्हणून खाल्लेल्या सापाला कधी डिवचू नये. कमावलेले जेवण वाया जाते आणि तिला इजाही होते." त्यांनी आम्हाला लांबून दाखवले. पहिल्या उंदराचे केस ओले, पण अंग अख्खे. दुसऱ्याचे डोके विरघळून गेलेले आणि मागचे पाय व शेपटी जशीच्या तशी. म्हणजे तो आधी गिळलेला, आणि डोक्याकडून गिळलेला! पुस्तकातला धडा समोर जमिनीवर पडला होता. घाण वास येत होता, पण कोणी नाक धरून पळाले नाही.

काका पुढे आले, उंदरांकडे पाहिले आणि गोणीकडे पाहिले. मग काठी भिंतीला लावून ठेवली. म्हणाले, "म्हंजे ही आपलीच राखण करीत होती." दादांनी धामण ओढ्यापलीकडच्या रानात सोडली. तिने ओकलेले दोन्ही उंदीर मी आणि मित्राने करंजाखाली, नानेटीच्या शेजारी पुरले.

उंदीर कणगीतले भात खातो, उभ्या शेतातल्या लोंब्या कातरतो आणि त्याच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या आपल्या माणसांना तो होतो. रात्री उंदरामागे येणारी मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. म्हणून साप नको असेल तर सापाला मारून उपयोग नाही. उंदीर कमी करावे लागतात.

लक्षात ठेवा

१. धान्य झाकून ठेवा. घराला लागून लाकडे, पेंढा, विटा रचू नका. उंदीर नाही तर साप नाही.

२. रात्री अंधारात बॅटरी घेऊन चाला. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा.

३. साप दिसला तर लांब उभे राहा, नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. बिनविषारी आहे असे वाटले तरी हात लावू नका. ओळखण्यात आपण चुकू शकतो.

४. साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका. कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. हात-पाय न हलवता, १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या. विषावरची लस तेथे मोफत मिळते. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०-८० च्या दशकांपासून विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रोग्यांसाठी काम केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपल्या तालुक्यात एवढे थोर काम झाले असताना आपण मंत्राने विष उतरवत बसू नये.

५. सापाला दूध, भात, अंड्याची पोळी काहीही देऊ नका. पिण्याचे स्वच्छ पाणी त्याला ओढ्यात मिळते. अन्न त्याला शेतात मिळते.

शेवटी आजीचे सांगतो. हा लेख मी तिला घरी वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. शी-लघवीचा भाग आला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. दुधाचा भाग आला तेव्हा गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे आम्ही पुन्य समजून केला तो पाप झाला का रे?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आजीला सांग, पूजा पाटावरच्या नागाची करायची. नमस्कार पोहोचतो. दूध मात्र घरातल्या लेकराला द्यायचे." आजीला ते पटले. पुढच्या नागपंचमीचे दूध माझ्या धाकट्या बहिणीला, असे तिने आत्ताच जाहीर केले आहे. बहिणीला दूध आवडत नाही, हा निराळा प्रश्न.

मित्रांनो, आम्ही नानेटीवर प्रेम केले, पण तिला काय लागते हे विचारले नाही. कोणताही जीव आपल्याला आवडला, तर आधी त्याचे पोट समजून घ्या. आणि तो रानातला असेल तर त्याला रानातच राहू द्या. एवढे सांगून मी माझा लेख संपवतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी